श्वासाचं बटण

मामाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडी लागत नसे. "तुझ्यासारखा कान दुसऱ्या कोणाचा नाही," एवढं म्हटलं की गडी थेट वरच्या फांदीवर. भाच्याला हे लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून फोनवर त्याने आधी तेच वाक्य टाकलं आणि मग म्हणाला, "मामा, थिएटरसाठी कीबोर्ड घ्यायचाय. तीन बघून ठेवलेत. त्यातला कोणता खऱ्यासारखा वाजतो, ते तू येऊन सांग."

मामा म्हणजे नाट्यगृहाच्या वाद्यवृंदातला क्लॅरिनेटवाला. रंगमंचाच्या पुढ्यात वादकांसाठी जो खड्डा असतो, त्यात डावीकडून दुसरी खुर्ची, एकतीस वर्षं. भाचा त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, त्याच खड्ड्यात पियानो वाजवायचा. त्याला सुरांची ओळख करून दिली तीही मामानेच. भाचा मामा म्हणतो म्हणून हळूहळू सगळं नाट्यगृहच मामा म्हणू लागलं, मालकीणबाईंपासून झाडूवाल्यापर्यंत. एके काळी त्या खड्ड्यात नऊ माणसं बसत. मग ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात गेले, व्हायोलिनवाली मुलीकडे राहायला गेली, एकेक खुर्ची उचलली गेली आणि ती परत मांडायचं कोणाला सुचलं नाही. आता चौघं उरले होते आणि त्यात फुंकून वाजवणारा मामा एकटाच.

"व्हायोलिनं वगैरे नाहीत ना आता, ती जागा भरायला बरा पडेल," भाचा म्हणाला. मामाला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात होतंच काय?

दुकानात तीन कीबोर्ड शेजारी शेजारी मांडले होते. एक काळा, एक राखाडी आणि एक लाकडी बाजूंचा. एका हाताने चार सूर धरले की मागचा ताल, गिटार, सगळी फौज आपोआप चालू होते, त्या जातीचे. विक्रेता तरतरीत होता. "यात बाराशे आवाज आहेत," त्याने सुरुवात केली.

"मला एकच द्या, पण खरा द्या," मामा म्हणाला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला. डोळे उघडे असले की कान आळशी होतात, असं त्याचं मत होतं.

भाचा एकेक आवाज तिन्हींवर वाजवत गेला आणि मामा पाठमोरा निकाल देत गेला. काळ्यावरची व्हायोलिनं ऐकून म्हणाला, "दहा जण आहेत म्हणे, पण दहाही जणांचा गज एकाच क्षणी सुटतो. ही कवायत झाली." राखाडी जरा बरा, पण जोरात वाजवला की उघडा पडायचा. "खरं वाद्य जोरात वाजवलं की त्याचा स्वभाव बदलतो, माणूस चिडल्यावर बदलतो तसा. हा नुसताच मोठ्याने बोलतोय." लाकडी बाजूंच्या कीबोर्डवर मात्र गज तारेला घासल्याची किंचित खरखर होती, आणि दहा जणांतला एक जण जरा उशिरा यायचा. मामा खूश झाला. "हा उशिरा येणारा मला आवडला. आमच्याकडे होता एक."

"आणि क्लॅरिनेट? सहज म्हणून," भाचा म्हणाला.

काळ्याला सर्दी झाली होती. राखाडीच्या प्रत्येक सुराचं तोंड सारखं, एकाच साच्यातून काढलेल्या विटा. तिसऱ्यावर भाच्याने खालच्या सप्तकातले चार सूर वाजवले. मामाने खुर्ची फिरवली. तो आवाज लाकडाचा होता. सूर बदलताना धातूची झाकणं टेकल्याचा बारीक टकटक आवाजसुद्धा होता. कुठल्या तरी खोलीत कोणीतरी दिवसेंदिवस बसून एकेक सूर वेगळा फुंकून दिला असणार.

"हा कोण वाजवणारा?" त्याने विक्रेत्याला विचारलं.

"असेल कोणीतरी," विक्रेता म्हणाला.

मामाला त्या कोणीतरीबद्दल माया वाटली. भीती वाटायला हवी होती, पण ती त्याच्या डोक्यातच आली नाही. डोक्यात आला तो राग, भाच्याच्या वाजवण्याचा. "क्लॅरिनेट खरा आहे, पण तू पियानो वाजवतोयस. एवढा वेळ सूर धरलास, तुला काय तीन फुप्फुसं आहेत? आठपर्यंत मोज आणि हात उचल. कंप पहिल्यापासून देऊ नकोस. सूर आधी उभा राहू दे, मग थरथरू दे."

तेव्हा विक्रेत्याने कौतुकाने एक बटण दाखवलं. ते दाबलं की श्वास आत ओढल्याचा आवाज यायचा. मामा पोट धरून हसला. त्याचा बापही क्लॅरिनेटवालाच, आणि मामा शिकत असताना बाप पट्टी घेऊन मागे बसायचा. श्वास ऐकू आला की खांद्यावर पट्टी. "ऐकणाऱ्याला सूर हवाय, तुझी धाप नको. श्वास चोरून घे." पट्टी जाऊन बाप जाऊन जमाना झाला, पण मामाचा श्वास पंचेचाळीस वर्षांत कोणी ऐकला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं.

"पण तू दाबत जा," तो भाच्याला म्हणाला. "मला फुप्फुस आहे म्हणून मला लपवावं लागतं. त्याला नाही म्हणून त्याला दाखवावं लागतं. फक्त दर वेळी नको. लांब सुराच्या आधी एकदा, आणि वाक्य संपलं की."

लाकडी बाजूंचा कीबोर्ड घेतला गेला. पुढचे चार रविवार भाचा तो घेऊन मामाच्या घरी आला आणि मामाने त्याच्याकडून तिसऱ्या अंकातली संथ धून घोटून घेतली. श्वास कुठे, किती, सूर वर सरकवायचं चाक किती फिरवायचं, सगळं. चहा ठेवता ठेवता मामी म्हणाली, "अहो, सगळं त्या डब्याला शिकवून बसू नका."

"डब्याला नाही, पोराला शिकवतोय," मामा म्हणाला. पोर अडतीस वर्षांचं होतं आणि मान खाली घालून चहा पीत होतं.

पाचव्या सोमवारी मॅनेजरने मामाला बोलावलं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला वाईट बातमी लवकर संपवायची सवय होती. नव्या हंगामापासून खड्ड्यात कीबोर्ड आणि ड्रम, दोघंच. क्लॅरिनेटचं काम कीबोर्डवर होईल. मालकीणबाईही तिथेच बसल्या होत्या आणि खिडकीबाहेर बघत होत्या.

मामाच्या तोंडातून निघालं भलतंच. "यंत्र ते यंत्र, बाई. हातच्या काकणाला आरसा कशाला? पडदा पाडा आणि दोन्ही ऐका. माणूस कुठला ते तुम्हाला ओळखता आलं नाही, तर मी आपणहून उठतो."

बाई वळल्या. "आणि ओळखता आलं, तर खुर्ची तुमची," त्या म्हणाल्या. त्यांना खरं तर सुटल्यासारखं वाटलं असावं. शुक्रवारी दुपारी ऐकायचं ठरलं. प्रेक्षकांना स्पीकरमधूनच ऐकू येतं, म्हणून दोन्ही वाद्यं एकाच स्पीकरमधून. हेही मामाने मान्य केलं.

ड्रमवाल्याला जिन्यात कळलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे भाच्याने मामाला मामा बनवलं." हसला कोणीच नाही.

भाचा गुरुवारी सकाळी घरी आला, बूट न काढता दारातच उभा राहिला.

"तुला दुकानात असतानाच माहीत होतं," मामा म्हणाला.

"मला विचारलं नव्हतं मामा, सांगितलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर दुसरा कोणी बसला असता. माझीही दोन पोरं आहेत." मग तो खाली बघत म्हणाला, "उद्या मी ते बटण दाबणार नाही. सगळं सरळ वाजवतो, पियानोसारखं. कोणाला कळणार नाही."

मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. आपलेच दात, आपलेच ओठ, पण दात आपणहून मागे सरत होते. मामाने नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी एकतीस वर्षांची खुर्ची जागेवर राहिली असती. मामीने नजरेने तेवढंच मागितलं.

"माझ्यावर उपकार करायला आलास?" मामा म्हणाला. "जसं शिकवलंय तसं वाजव. मुद्दाम वाईट वाजवलंस, तर परत या घरात पाऊल टाकू नकोस."

भाचा गेला. मामी दिवसभर मामाशी बोलली नाही.

शुक्रवारी पडदा पाडला. समोर तिघं बसले: मालकीणबाई, दिव्यांचा माणूस आणि तिकीटखिडकीतली बाई. चिठ्ठी टाकून क्रम ठरला. आधी भाचा, मग मामा, मग पुन्हा तसंच. मध्ये एक अक्षर बोलायचं नाही.

भाच्याने वाजवलं आणि पडद्यामागे दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या मामाच्या अंगावर काटा आला. आठ मोजून हात उचलला, कंप उशिरा आला, लांब सुराच्या आधी एक दमलेला श्वास. पोराने काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. मामाला त्याही स्थितीत अभिमान वाटला आणि त्या अभिमानाची चीड आली. मग त्याने स्वतः वाजवलं, आयुष्यात वाजवलं नव्हतं असं. कुठे खाच नाही, कुठे धाप नाही. बाप मागे बसला असता तर पट्टी मांडीवरच राहिली असती.

तीन चिठ्ठ्या मॅनेजरने उघडल्या. तिन्हींवर "पहिला माणूस" असंच लिहिलं होतं.

पडदा वर गेला तेव्हा तिकीटखिडकीतली बाई मामाकडे बघून कानकोंडी झाली. "मामा, दुसरं फार सुंदर होतं हो," ती म्हणाली. "अगदी चकचकीत. म्हणूनच वाटलं, मशीनच असणार. पहिल्यात तो श्वास ऐकू आला आणि मला भरून आलं. म्हटलं, हे आपले मामाच. दमलेत बिचारे."

मालकीणबाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा वाजवा. या वेळी श्वास जरा ऐकू द्या. आम्ही पाठ फिरवून बसतो." त्या मनापासून म्हणत होत्या.

आणि मामाने, ज्याने काल भाच्याला दारातून परत पाठवलं होतं, क्लॅरिनेट ओठांना लावला. खुर्ची हवी होती त्याला, काय करणार. पहिल्या लांब सुराआधी त्याने तोंड उघडून श्वास ओढला. तो भलताच मोठा आला, घोरल्यासारखा. दुसरा ओढताना ओठांची पकड सुटली आणि सूर फाटला. तिसरा त्याला घेताच आला नाही. अंगाने जुन्या सवयीने तो चोरून घेऊनही टाकला होता.

"आता जरा मुद्दाम केल्यासारखं वाटतं," दिव्यांचा माणूस हळूच म्हणाला. मामाने क्लॅरिनेटचे तुकडे सोडवले, एकेक पुसला आणि पेटीत ठेवला. भाचा कीबोर्डमागे बसून राहिला होता. त्याच्या बाजूने जाताना मामा थांबला नाही.

नवा हंगाम सुरू झाल्यावर मामा एका दुपारच्या खेळाला गेला. मामी नको म्हणत होती. तिकीटखिडकीतल्या बाईने मान वर न करता शेवटच्या रांगेतलं तिकीट सरकवलं. तिसऱ्या अंकात संथ धून सुरू झाली. सगळं मामाचं होतं, त्याचं आठ मोजणं, त्याचा कंप. पण सूर सगळ्यात वरच्या टोकाला चढत असताना, अगदी वाक्याच्या मध्यात, भाच्याने बटण दाबलं. तिथे कुठलाही वाजवणारा श्वास घेणार नाही. तिथे श्वास घेणं म्हणजे "मला तू आवड..." एवढं बोलून पाणी प्यायला जाणं.

"क्लॅरिनेटवाला म्हातारा दिसतो, पण वाजवतो झकास," शेजारचा गृहस्थ बायकोला म्हणाला.

खेळ संपल्यावर भाचा धावत मागच्या जिन्यात आला. त्याने मामाला खड्ड्यातून पाहिलं होतं. त्या शुक्रवारनंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. "कसं झालं? काही चुकलं का?" इतकी वर्षं तो प्रत्येक खेळानंतर हेच विचारत आला होता आणि इतकी वर्षं मामाने त्याला एकही चूक माफ केली नव्हती.

"नाही," मामा म्हणाला. "अगदी बरोबर होतं."

"वरच्या टोकाला तो श्वास घातलाय, तोही?"

"तोही."

भाच्याचा चेहरा उजळला. "मग तसाच ठेवतो."

"ठेव," मामा म्हणाला आणि जिना उतरू लागला. सुराच्या बाबतीत तो जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला होता. बोलताना ते जराही जड गेलं नाही, आणि त्याचंच त्याला घरी पोचेपर्यंत वाईट वाटत राहिलं.