निजलेल्यांच्या यादीत

“पोर कडेवर घेऊन चर्चला द्यायची नावांची चिठ्ठी लिहू नकोस, पोरी. घरी, टेबलाशी बसून लिही. आणि लिहिलेलं एकदा वाच.”

ग्लिकेरिया मावशीने हे सांगितलं तेव्हा स्मारांदा हसली होती. “देव काय पोस्टमन आहे, मावशी? पत्ता चुकला तर पत्र परत पाठवायला?”

म्हातारी अवघ्या गावासाठी रोज सकाळी प्रार्थना करणारी बाई. कुणाचा गुडघा, कुणाचा दारुडा नवरा, इटलीत कामाला गेलेली कुणाची मुलगी, सगळी नावं तिच्या तोंडी. आता तीच न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली होती. टेकडीवरच्या शेवटच्या घरात, एकटी. इस्पितळात जायला ठाम नकार. म्हणून गावातल्या बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. रोज दुपारी एकीने सूप न्यायचं, चुलीत लाकडं घालून यायचं.

तो मृतांचा शनिवार होता, गेलेल्यांसाठी प्रार्थना करायचा दिवस. चर्चच्या दाराशी मेणबत्त्यांचं टेबल, भोवती बायकांची रेटारेटी. स्मारांदाने चिठ्ठीचा कागद घेतला. दुमडलेल्या कागदाच्या एका अर्ध्यावर ‘जिवंत’, दुसऱ्यावर ‘निजलेले’, म्हणजे मृत. दहा महिन्यांच्या इलिंकाने पेन ओढलं, कागद खाली पडला. स्मारांदाने तो उचलला, मांडीवर ठेवला, कुठला अर्धा वर आला ते न बघताच घाईघाईने पहिलं नाव लिहिलं. ग्लिकेरिया. खाली गेलेल्या वडिलांचं, मग आजीचं.

आत मृतांच्या नावाने वाटायच्या कोलिवाच्या ताटल्यांत मेणबत्त्या लागल्या होत्या. उकडलेल्या गव्हाचा आणि अक्रोडाचा गोडसर वास पसरला होता. फादर चिठ्ठ्यांवरची निजलेल्यांची नावं वाचत होते, एकसुरी, भरभर. आणि मधेच ते नाव आलं. गावात त्या नावाची दुसरी बाई नव्हती.

पुढे उभी असलेली जाम्फिरा गर्रकन वळली. “ग्लिकेरिया गेली? कधी गं?”

स्मारांदाने सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात इलिंकाने भोकाड पसरलं आणि सगळ्यांच्या माना वळल्या. बाहेर पडताना तिला मागून ऐकू आलं, “देव तिला क्षमा करो. काल भाचा येऊन तिला समजावून शहरातल्या इस्पितळात नेणार होता ना? तिथेच गेली असेल बिचारी.”

नंतर सांगू, असं तिने ठरवलं. घरी आली, पोरीला भरवलं, झोपवलं. रसायनशास्त्रात पदवी घेतलेली बाई मी, ती स्वतःला बजावत राहिली, कागदावर नाव लिहिल्याने कुणी मरत नाही. आणि तरी डोळ्यांपुढे ते नाव, वडिलांच्या नावाच्या वर, स्वतःच्याच अक्षरात. लिहिलं तेव्हाच गेली असेल तर? या हातांनी?

ती खिडकीशी गेली. टेकडीची वाट तिच्याच दारावरून जायची. वाटेवर रात्री पडलेला ताजा बर्फ, कोरा करकरीत. एक पाऊल नाही, चाकाची रेघ नाही.

म्हणजे आज वर कुणीच गेलं नव्हतं. भाच्याची गाडी काल आलीच नव्हती. दिवसभर खिडकीशी असणाऱ्या तिच्याशिवाय हे कुणाला ठाऊक असणार? आज पाळी जाम्फिराची. आणि मेलेल्या बाईला सूप कोण नेईल?

तिने टेकडीकडे पाहिलं. धुराड्यातून धूर येत नव्हता.

पोरीला शालीत गुंडाळून ती निघाली. गुडघाभर बर्फात पाय रुतत होते. “हे प्रभू, तिला राख. तिला राख.” याखेरीज शब्द सुचेना. दार ठोठावलं. उत्तर नाही. पुन्हा ठोठावलं. आत जायला तिचा धीर होईना. पाहिलं नाही तोवर मावशी जिवंत होती. शेवटी इलिंकाच खिदळली आणि स्मारांदाने दार ढकललं.

घर गारठलेलं. खाटेवर गोधड्यांचा ढीग. ढीग खोकला.

“कोण? सूप आणलंस... की नुसतंच पोर?”

स्मारांदाने खाटेशी बसून तिचे हात धरले. म्हातारीचे ओठ फाटले होते, हात बर्फासारखे. “आज कुणी आलंच नाही गं. लाकडं आणायला उठले, तर पायच धरेनात.”

“मावशी, मी तुम्हाला निजलेल्यांत लिहिलं. चर्चमध्ये वाचलंसुद्धा.”

ग्लिकेरियाच्या छातीत काहीतरी घरघरलं. ती हसत होती. “माझ्या नावाची कोलिवा खाल्लीत, आणि मलाच नाही?”

स्मारांदाने चूल पेटवली, घोट घोट पाणी पाजलं, जाम्फिराला फोन लावला. पलीकडे आधी किंकाळी, मग शिव्या, मग सूपाच्या भांड्यावर झाकण आदळल्याचा आवाज.

मावशीचा ताप अजून उतरलेला नाही. पण आता चिठ्ठी लिहून झाली की स्मारांदा आधी टेकडी चढते. तुम्हालाही तिचं एवढंच सांगणं आहे. आज प्रार्थनेत ज्या एकट्या, आजारी माणसाचं नाव घ्याल, त्याच्या दाराशी जाऊन या. ठोठावा. उत्तर आलं नाही तर परत फिरू नका, दार ढकला.