त्याला, त्यांना

पेन्सिलीचं टोक 'त्याला' या शब्दावर टेकलं होतं आणि तिथेच अडकलं होतं — आपण शब्द खोडत नाही, नुसता दाबतो आहोत, हे एलिशेवाच्या लक्षात आलं तेव्हा कागदाला खळगा पडला होता. 'जोडीदार दूर असला की त्याला सारखा फोन करावासा वाटतो.' वाक्यात चूक नव्हती. शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेलेल्या हाताला तरीही ते पुढे जाऊ देत नव्हतं.

"माझ्या वयाची कुठली बाई नवऱ्याला 'त्याला' म्हणेल, प्राची?"

शेजारची प्राची मानसशास्त्रात एम.ए. करत होती. प्रेमाच्या नात्यात माणसं एकमेकांना कशी धरून असतात ते मोजायची ही प्रश्नावली तुर्कस्तानातल्या लोकांसाठी तयार झालेली; आता पनवेलच्या माणसांना लावून बघायची म्हणून प्राचीने ती मराठीत आणली होती आणि भाषा तपासायला एलिशेवाकडे आली होती. तुर्की भाषेत म्हणे तो आणि ती असं वेगळं नसतंच, दोघांना एकच शब्द पुरतो. किती बरं... इथे तर साधं 'करते' म्हटलं की बाई उघडी पडते.

"मग 'त्यांना' करू? पण मावशी, माझ्या एजच्या मुली हसतील. वाटेल सासऱ्यांना फोन करतेय."

एलिशेवा हसली. हसण्याचाही शीण येतो हल्ली. तिने बिनसाखरेचा चहा जवळ ओढला — मनासे, तिचे यजमान, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इलानकडे, मुलाकडे, इस्रायलला निघाले त्या सकाळी तिने एलियाहू हनाबी पैगंबराला नवस बोलला होता, सुखरूप परत येईपर्यंत साखर बंद, आले की पोह्याखोबऱ्याचा मलिदा तुझ्या नावाने वाटीन. डोळा बरा झाला. मग दुसऱ्या डोळ्याचं निघालं, मग तिकडची थंडी, मग इलानला मुलगी झाली, आणि मग कारण सांगायचंच राहिलं, आणि मीही विचारलं नाही. नवस परत येण्याचा होता. आपण तिकडे जाण्याबद्दल काहीच बोललेलं नव्हतं... तो फिटला म्हणायचा की मोडला? सकाळी चौकटीवरच्या मेझुझाला, देववचन ठेवलेल्या डबीला, हात लावून बोटं ओठांना नेताना तिने विचारलं होतं. उत्तर द्यायला देव काही बांधलेला नाही.

काल फोनवर ते म्हणाले होते, उद्या दुपारी नीट सांग, कायमची येतेस की नाही. नाही म्हणालीस तरी चालेल, पण टांगून ठेवू नकोस. आणि मग नेहमीसारखं, आता तर विमानतळ तुझ्या दारात आलाय, आणखी काय पाठवू, डोली?

प्राची म्हणत होती, तुम्हीच एकदा भरून बघा ना, ट्रायल म्हणून, एक ते पाच. 'जोडीदाराशिवाय मला अपुरं वाटतं.' भात अजून दोघांचा पडतो, याला किती? शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावताना आधी त्यांच्यासाठी मागते, याला? आणि रात्री पंखा आपल्याला हवा तेवढाच फिरतो, खोकल्याने जाग येत नाही, सगळी गादी आपली — या सुटकेसाठी तुर्कांनी एकही वाक्य ठेवलेलं नव्हतं, का प्राचीच गाळून आली होती?

फोन वाजला. ती उठून गॅलरीत गेली. आधी तब्येत, सिलेंडर आला का, गोळ्या घेतेस का. नात मागे हिब्रूत काहीतरी बोलली, ते तिला कळलं नाही.

"मग?" मनासे म्हणाले.

"सणानंतर बघू."

"कुठल्या सणानंतर, शेवा?"

ते चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ती दोरीवरचा चिमटा काढून पुन्हा लावत राहिली. बरं, म्हणाले, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले काका?" ती आत येताच प्राचीने विचारलं.

"ते? ते म्हणाले, बरं."

...ते. बसता बसता तिने स्वतःचा आवाज ऐकला. आई म्हणायची, 'हे' येतील आता. माझ्या मावशीचा नवरा कबरस्तानात जाऊन किती वर्षं झाली तरी ती म्हणायची, 'ह्यांना' तिखट चालत नाही — जणू आतल्या खोलीत बसलेत. जवळचं, हा, ही, हे. दूरचं, तो, ती, ते. किती वर्गांना फळ्यावर लिहून दिलं. निघायच्या दिवशी विमानतळावर तिथल्या माणसाला मीच म्हटलं होतं, ह्यांना कडेची जागा द्या, गुडघा दुखतो. मग 'हे' कधी 'ते' झाले? भांडण नाही, निरोप नाही. उपवास सगळे पाळले, नेम एक चुकला नाही, आणि या सगळ्याच्या आड हा शब्द कुठून निसटला...

"मावशी, काय लिहू मग? 'त्यांना'च?"

"थांब जरा."

तिने ओठ हलवले, प्रार्थनेत हलवते तसे, आवाज न करता. हे. शब्द आला, अगदी स्वच्छ, पण वर्गात मुलीला उभं करून म्हणायला लावावा तसा. तिने पुन्हा म्हटलं. या वेळी बाजूच्या रिकाम्या खुर्चीत काहीतरी जड झाल्यासारखं वाटलं, खोकल्याच्या आधीचा तो श्वास... आणि तिने ओठ मिटून घेतले. तिसऱ्यांदा म्हणायचा धीर होईना. प्राची वाट बघत होती.