न मोडलेले शेवाळ

“बस गं खाली, मालसुन. तू उभी राहिलीस म्हणून काय डॉक्टरणीचा हात भराभर चालणारे?” ओक्जा म्हणाली. कोरियातील जेजू बेटाच्या समुद्रात बुडी मारून शिंपले काढण्यात दोघींचा जन्म गेला होता.

मालसुन बसली नाही. शस्त्रक्रियागृहाच्या दारावर तिची दृष्टी खिळली होती. आत तिची एकुलती कन्या होती, हेरान. तिचे उजवे अंडाशय गाठीपायी कुमारवयातच काढावे लागले होते. आता डाव्यावर गाठ होती. विवाह ठरलेला. पोट दुखू लागले तेव्हा होणाऱ्या व्याह्यांच्या कानी जाऊ नये म्हणून मालसुनने तिला रुग्णालयात न नेता घरीच रानदवण्याच्या वाफेवर बसविले. “पोटात गारवा शिरलाय, निघेल,” असे ती म्हणत राहिली. आज पहाटे पोर न्हाणीघरात कळवळून कोसळली.

दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

“मावशी, गाठीच्या भारानं अंडाशयाला पीळ पडला होता. तो सोडवला, गाठही सोलून काढली. पण अंडाशय काळंनिळं पडलंय. रंग परततो का, बघतोय आम्ही.”

“आणि नाही परतला तर?”

“तरी आज काढणार नाही. हेराननं आधीच बजावलंय, जमेल तोवर ठेवा म्हणून. कधीकधी उशिरानं जगतं. काही महिन्यांनी कळेल.”

“मग मी काय करू?”

“बसा, मावशी.”

दार मिटले. मालसुनने नकळत श्वास कोंडला, पाण्याखाली कोंडीत असे तसा. तेथे निदान हात तरी चालत.

“सोड गं तो श्वास,” ओक्जा हळूच म्हणाली. “इथं शिंपले नाहीत.”

दुपारी हेरान शुद्धीवर आली. “आई, राहिलं?”

“राहिलंय.”

रंगाविषयी लेकीने विचारले नाही. मायने सांगितले नाही.

सायंकाळी मालसुन ओक्जासोबत लेकीसाठी सूप करावयास घरी आली. भिंतीवर पुरुषभर लांबीचे वाळलेले खाण्याचे समुद्रशेवाळ लोंबत होते. लेकीच्या बाळंतपणातील सूपासाठी तिने ते स्वतः खोल पाण्यातून आणले होते. बाळंतपण सुखरूप पार पडावे म्हणून असे शेवाळ दुमडीत नाहीत, मोडीत नाहीत.

“हेच घाल की,” ओक्जा म्हणाली. “ताकद तर आत्ताच हवीय तिला.”

मालसुनने दुकानातल्या पुडीतले शेवाळाचे तुकडे भिजवून पातेल्यात सोडले. सूपाला उकळी येईतो तिने ते लांब शेवाळ खाली उतरविले, कोरड्या फडक्याने धूळ पुसली, आणि दोन्ही हातांवर तोलून धरीत पुन्हा त्याच खिळ्याला सरळ टांगले.