शर्टाच्या बटणाएवढे रातकिडे

जनावरांच्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर शेठ पोट टेकून पसरला होता. एरवी तो मान ताठ करून, गल्ल्यावर बसलेल्या दुकानदारासारखा बसायचा. म्हणून तर मामानं त्याचं नाव शेठ ठेवलं होतं. अंगावर ठिपके, शेपूट जाड, आणि चेहऱ्यावर कायम असं हसू, की आताच कुणाला तरी चांगलं गिऱ्हाईक केलंय. मामा दूरच्या नोकरीवर गेला तेव्हा हा गेको, म्हणजे पाळायची पाल, त्याच्या काचेच्या पेटीसकट भाचीच्या हवाली करून गेला. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

"खायला काय देतेस?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मेणअळ्या. त्याला फार आवडतात," मुलगी म्हणाली. ती दहा वर्षांची होती. अंगानं बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून खालच्या मजल्यावरचे शिंपी तिला टाचणी म्हणत आणि तेच नाव आता तिच्या आईच्याही तोंडात बसलं होतं.

"दुसरं काही?"

"दुसरं दिलं तर तोंड फिरवतो. मग मी मेणअळीच देते."

डॉक्टरबाईंनी शेठचा खालचा जबडा बोटाच्या टोकानं अलगद दाबला आणि टाचणीलाही दाबायला लावला. तो रबरासारखा लागला. मग त्यांनी पुढचे पाय दाखवले. दोन्ही पाय कोपरांतून बाहेर वळले होते.

"हाडं मऊ पडली आहेत. मेणअळी म्हणजे याची मिठाई. चरबी भरपूर आणि हाडांना काहीच नाही."

टाचणीनं त्या वळलेल्या पायांवरून बोट फिरवलं. "म्हणजे माझ्यामुळे झालं."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं. आता मी सांगतेय. दोन्हींत फरक आहे, तो लक्षात ठेव." आणि डॉक्टरबाई बोटांवर मोजत सांगायला लागल्या. दुकानातले रातकिडे आणायचे, बागेतले नाही, कारण बागेत कुठे औषध फवारलंय ते कळत नाही. किडा शेठच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब नको. त्याला देण्याआधी दोन दिवस चांगलं खाऊ घालायचं, कारण किड्याच्या पोटात जे असेल तेच शेठच्या पोटात जाणार. आणि शेवटी ही कॅल्शियमची पावडर किड्यांना लावायची.

"चार आठवड्यांनी घेऊन ये. चालताना त्यानं पोट जमिनीवरून उचललं तर हाडं धरायला लागली असं समज."

"आणि नाही उचललं तर?"

डॉक्टरबाईंनी शेठला तिच्या ओंजळीत ठेवलं. "तर तो पुन्हा नीट चालेल असं मला सांगता येणार नाही."

घरी पोचायच्या आधीच, जिन्याच्या तळाशी, दुसरी अडचण उभी राहिली.

"पाल सांभाळली, कारण ती माझ्या भावाची आहे," आई म्हणाली. ती बेकरीत काम करायची. पहाटे जायची, दुपारी यायची, आणि केसांत कुठेतरी पीठ राहिलेलंच असायचं. "अळ्याही चालवून घेतल्या, त्या बिचाऱ्या डबीत पडून असतात. पण टणाटण उड्या मारणारं काही मी घरात येऊ देणार नाही. माझ्या अंथरुणात एक जरी निघाला ना, तर तू, शेठ आणि तुझा मामा, तिघंही बाहेर."

"मामा आधीच बाहेर आहे."

"मग तुम्ही दोघं."

जिन्याशेजारच्या दुकानात मास्तर शिलाई यंत्रावर वाकले होते. सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची. त्यांनी पाय थांबवला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"ताई, माझ्याकडे खालचं एक फळकूट रिकामं आहे."

"मास्तर, तुम्ही कशाला हा व्याप मागे लावून घेता?"

"फुकट नाही लावून घेत. ह्या टाचणीनं रोज सकाळी शाळेत जाताना मला सात सुयांमध्ये दोरा ओवून द्यायचा. हल्ली मला सुईचं भोक दिसत नाही, अंदाजानं भोसकत बसतो. अर्धा दिवस त्यातच जातो." हे सांगताना त्यांचा आवाज जरासा खाली गेला होता. टाचणीच्या ते लक्षात आलं. आईच्याही आलं असावं. दुसऱ्या दिवशी तिनं बेकरीतून अंड्यांचे पुठ्ठ्याचे रिकामे ट्रे आणले, मास्तरांच्या दारात ठेवले आणि म्हणाली, "हे कशाला लागतात ते मला सांगू नका. आणि वर येतील ते मोजून, शेठच्या पेटीत जाण्यापुरतेच."

रातकिड्यांचा खोका आला. दुकानदारानं हाताला येतील तसे भरले होते. मुंगीएवढे, माशीएवढे, आणि त्यांत एक पंखवाला, बोटाच्या पेराएवढा दांडगा. ट्रेच्या खळग्यांत शिरून सगळे जण लगेच आपापल्या जागा धरून बसले.

"आता ह्यांतले शेठच्या मापाचे कसे निवडायचे?" टाचणी म्हणाली. "मोजपट्टी धरली की पळतात."

"माप किड्याचं नाही घ्यायचं. आधी गिऱ्हाइकाचं घ्यायचं," मास्तर म्हणाले. त्यांनी बटणांची डबी उपडी केली. टाचणीनं शेठला ओंजळीत धरलं आणि मास्तरांनी एकेक बटण त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध, कपाळाला न लावता धरून पाहिलं. कोटाचं बटण दोन्ही डोळ्यांवर आलं. बाळाच्या झबल्याचं फारच लहान पडलं. शर्टाचं नेमकं बसलं. शेठनं हे सगळं माप देणाऱ्या माणसासारखं निमूट सोसलं.

मग मास्तरांनी पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर ते शर्टाचं बटण पक्कं शिवलं, कापड टेबलावर ताणून बसवलं आणि बटणावर काचेचा पेला पालथा घातला. पेल्याखाली एकेक किडा सोडायचा. तो चालत बटणावर आला की वरून पाहायचं. डोकं आणि ढुंगण दोन्ही बटणाच्या आत मावलं तर पास. बाहेर डोकावलं तर परत खोक्यात.

दांडगा बटणावर येऊन उभा राहिला तेव्हा तो दोन्हीकडून उतू गेला.

"ह्याला कोटाचं लागेल," मास्तर म्हणाले. तेव्हापासून त्याचं नाव कोट पडलं.

निवडलेल्यांना वेगळ्या डब्यात ठेवलं. टाचणीनं गाजराची सालं दिली, हिरवा पाला धुऊन, पुसून दिला, बेकरीतला मूठभर कोंडा दिला. पाण्याची वाटी ठेवली नाही, कारण त्यात ते बुडतात. गाजरातच पुरेसं पाणी असतं. ती गुडघे टेकून त्यांचं खाणं बघत बसली.

"मास्तर, आपण ह्यांना दोन दिवस जेवू घालतो आणि तिसऱ्या दिवशी शेठला देतो. हे वाईट नाही का?"

मास्तरांनी हातातली टीप संपवली, दोरा तोडला.

"मलाही तसं वाटतं," ते म्हणाले. "पण शेठ गाजर खाऊ शकत नाही, त्याला काय करणार? ज्यांच्या जिवावर त्याचे पाय सरळ होणार, त्यांना उपाशी आणि तहानलेलं ठेवून धाडायचं नाही. तेवढं आपल्या हातात आहे. तेवढं नीट करू."

त्या दिवसापासून टाचणी गाजराची सालं नखाएवढी बारीक चिरायला लागली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं पहिले पाच रातकिडे पावडरीच्या डबीत टाकले. डॉक्टरबाईंनी चिमूटभर म्हटलं होतं. पण हाडं इतकी मऊ पडलीत तर चिमटीनं काय होणार, असं तिला वाटलं. जितकी जास्त तितकं लवकर. तिनं डबी चांगली घुसळली. किडे बाहेर आले ते चुना फासलेल्या भिंतीसारखे.

शेठनं एकाला जीभ लावली, डोळे मिटले आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. टाचणी उरलेले किडे चिमट्यानं एकेक उचलून परत डब्यात नेऊन ठेवायची, कारण पेटीत राहिले तर ते झोपलेल्या शेठलाच कुरतडतात. एक किडा हरवला तेव्हा तो सापडेपर्यंत ती जेवायला उठली नाही, आणि हे आईला कळू दिलं नाही. शेठचा पाय आदल्या दिवसापेक्षा जास्त वळलाय असं तिला रोज वाटायचं.

चौथ्या संध्याकाळी ती पेटीसमोर उभी होती. हातात मेणअळ्यांची जुनी डबी होती. आत तीन अळ्या अजून वळवळत होत्या. एक दिली की शेठ खाईल हे तिला माहीत होतं. उपाशी राहण्यापेक्षा मिठाई बरी, नाही का? तिनं झाकण काढलं. शेठनं मान वर केली.

"टाचणे."

आई दारात होती. उंबरठ्याच्या आत पाऊल न टाकता तिथूनच बघत होती.

"तो काहीच खात नाहीये, आई," टाचणी म्हणाली आणि इतके दिवस धरून ठेवलेलं रडू फुटलं. "मीच त्याला बिघडवलं आणि आता मला दुरुस्त करता येत नाहीये."

आईनं पेटीकडे पाहिलं, मग बशीतल्या पांढऱ्याशिप्पट रातकिड्यांकडे. तिनं नाक मुरडलं, पण नजर तिथेच ठेवली.

"ह्यांना एवढं कुणी फासलंय?"

"मी. पावडर लावायची असते."

"अगं, बिस्किटांच्या ट्रेवर मी एवढं पीठ टाकलं असतं तर पहिल्याच दिवशी मला हाकललं असतं. कुणाच्याही तोंडाला कोरडं पीठ लागलं तर तो थुंकणारच." तिनं बाही वर सारली. "कागदाची पिशवी आण. आणि दुसरे आण, साधे."

टाचणी धावत खाली जाऊन बटणावर पास झालेले चार घेऊन आली. आईनं मान एका बाजूला वळवली, हात होता होईल तेवढा लांब केला आणि पिशवीचं तोंड उघडं धरलं. "टाक. मला दाखवू नकोस." मग दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत कणभर पावडर घेतली आणि अंगठा बोटांवर असा काही फिरवला, की पावडर पडताना दिसलीसुद्धा नाही. पिशवीचं तोंड दुमडलं, दोनदा अलगद हलवली.

"धुकं बसल्यासारखं दिसलं पाहिजे. भिंत रंगवल्यासारखं नाही. घे लवकर, आत काहीतरी चालतंय."

बाहेर आलेले किडे तपकिरीच होते, फक्त जरासे फिके. टाचणीनं एक शेठच्या समोर सोडला.

शेठ बघत राहिला. किडा दोन पावलं चालला. मग शेठच्या जाड शेपटीचं टोक हलायला लागलं, आधी हळू, मग मांजरासारखं झरझर. मान पुढे झाली आणि कटकन आवाज आला.

टाचणीनं आईकडे पाहिलं. आई आता उंबरठ्याच्या आत होती.

"चावून खातोय की," ती म्हणाली. "दे, दुसरा दे."

मग रोजचा क्रम लागला. सकाळी सात सुया. दुपारी गाजर आणि पाला. संध्याकाळी बटण, पेला, पिशवी. पावडर आईच भुरभुरवायची, दर वेळी मान वळवून. खालच्या फळकुटावरून कोट संध्याकाळी गायला लागला. मास्तर म्हणायचे, गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की हा नेमका सुरू होतो, आणि लोक इकडेतिकडे बघतात. पण खोका हलवू का, असं टाचणीनं विचारलं तेव्हा त्यांनी घाईघाईनं नको म्हटलं.

तिसरा आठवडा संपला तरी शेठचं पोट जमिनीलाच होतं. जबडा घट्ट लागायला लागला होता, वजन वाढलं होतं, पण चालताना पोटाचा माग पेटीतल्या वाळूवर उमटायचाच. टाचणी रोज संध्याकाळी वाळू हातानं सपाट करायची आणि सकाळी उठून आधी तो माग बघायची. मधोमध एक रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना पावलं.

डॉक्टरबाईंकडे जायच्या दोन दिवस आधी तिला जाग आली ती आईच्या हातानं. आई कामावर निघाली होती, चप्पल पायात होती.

"ऊठ. आणि काही बोलू नकोस, तो बिचकेल."

आई पेटीजवळ बसली, अगदी काचेला नाक लावून. वाळूवर पावलांच्या दोन रांगा होत्या. मधे पट्टा नव्हता. दोन रांगांच्या शेवटी शेठ पाण्याच्या वाटीकडे निघाला होता. पाय अजून वाकडेच होते, पण चारही पायांवर तोल सावरत, पोट वर धरून, घाई नसलेल्या मालकासारखा तो चालत होता.

टाचणीही शेजारी काचेला नाक लावून बसली. आईला उशीर झाला.

"आई, तू पावडर लावलीस म्हणून," टाचणी शेवटी म्हणाली.

"मी दोन बोटं हलवली. सालं कोण चिरत होतं?" आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला अजून पीठ लागलेलं नव्हतं. "खाली जाऊन मास्तरांना सांग. ते रोज विचारतात. तुला नाही, मला विचारतात, तुझ्यावर ओझं नको म्हणून."

मास्तर दुकानाची फळी काढत होते. ऐकून त्यांनी ती तशीच भिंतीला टेकवली आणि स्टुलावर बसले. चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला.

"आता कोटला सोडून देऊ या का?" टाचणीनं विचारलं. "तो कधीच मापात बसणार नाही."

"दुकानातला किडा बाहेर कुठे जगेल? राहू दे त्याला इथेच." मास्तरांनी खोक्याकडे पाहिलं. "सुया ओवायला कुणी आलं नव्हतं तोवर हे दुकान फार शांत होतं."

टाचणी यंत्राशेजारी बसली, उशीत टोचलेली पहिली सुई उपसली, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि भोकातून पार केलं. मग दुसरी. मास्तर शेजारी बसून गाजर चिरत होते, नखाएवढं बारीक.

सातवी झाल्यावर तिनं आठवीत दोरा ओवला, मग नववीत.

"सात ठरल्या होत्या," मास्तर म्हणाले.

"माहितीये," टाचणी म्हणाली आणि दहावी घेतली.