लाल पुठ्ठ्याची आणि बिनपुठ्ठ्याची

"बाई, तुम्हीपण डायरी लिहिता? आणि त्यात सगळं खरं लिहिता?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून इल्दिकोनं भर वर्गात हे विचारलं, तेव्हा मी बाईंच्याच हातात होते. मित्रांनो, मी एक जुनी डायरी आहे, तिसा नदीकाठच्या एका हंगेरियन गावातली, कम्युनिस्ट राजवटीच्या काळातली. लाल पुठ्ठा, सोनेरी अक्षरं! शाळेनं इल्दिकोला बक्षीस दिलेली. दर सोमवारी बाई मला तपासत, शाबासकी देत. पण माझ्या पानांवर असायचं काय? देशाचं पोलाद-उत्पादन किती वाढलं, नेते किती थोर, आम्ही किती आनंदी. लिहिताना इल्दिको जांभया द्यायची.

आणि ती दुसरी! गादीखालची, बिनपुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली चौकटींची वही. तिच्यात लिहिताना इल्दिको फिदीफिदी हसायची, कधी रडायचीसुद्धा. माझ्यावर कधी आसवाचा एक थेंब पडला नाही! माझा नुसता जळफळाट व्हायचा. मित्रांनो, वहीला खोटं कळत नाही असं समजू नका. सगळं कळतं, आणि लागतंसुद्धा.

एका रविवारी घरचं डुक्कर मारलं. सरकारी परवान्याशिवाय मारलं हे कळलं असतं तर बाबा थेट तुरुंगात! डुकराचं ओरडणं शेजारी जाऊ नये म्हणून रेडिओ मोठ्यानं लावला होता. सॉसेज भरता भरता आईला आठवलं.

"अगं, उद्या सोमवार! डायरी कोण लिहिणार, तुझी आजी?"

इल्दिको तशीच धावत आली. 'आज आम्ही सर्वांनी वर्तमानपत्र वाचले' या ओळीशेजारी तिच्या अंगठ्याचा ठसा उठला. लाल मिरचीचा, लसणाचा, चरबीचा. मी हरखून गेले. एक तरी खरी गोष्ट माझ्या वाट्याला आली!

सोमवारी इल्दिकोनं वर्गात पैजेचा तो प्रश्न विचारला. मान खाली घालून बाईंनी तेच पान उघडलं. नाकाशी नेलं. इल्दिकोचा चेहरा पांढराफटक पडला. माझा आनंद कुणाच्या जिवावर उठणार होता, ते मला तेव्हा कुठे उमगलं.

बाईंच्या कोपरानं लाल शाईची दौत लवंडली. अख्खं पान भिजलं.

"अगंबाई! किती मी धांदरट! इल्दिको, हे पान पुन्हा लिहून आण. आणि लिहायला बसण्याआधी हात धूत जा."

बाईंचं उत्तर तेवढंच.

घरी हे ऐकून बाबांनी आधी दार लावून घेतलं. "एका डागानं ही वेळ, मग त्या गादीखालच्या वहीचं काय? आधी चुलीत घाल ती!"

"ऐक गं राणी बाबांचं," आई म्हणाली.

खरं सांगते, मी सुखावले. जळू दे एकदाची!

इल्दिकोनं एका हातात मला घेतलं, दुसऱ्या हातात तिला.

"नाही जाळणार. माळ्यावर मक्याच्या ढिगात पुरेन हवं तर. आई, बाबा, माझं ठरलंय. मी दोघींनाही जपणार, आणि मोठी झाले की शेजारी शेजारी ठेवणार. नुसती ही वाचली, तर लोकांना वाटेल आपण किती सुखात होतो. आणि नुसती ती वाचली, तर आपल्याला काय काय बोलावं लागलं, ते कुणाला कळणारच नाही."