तो रागाचा वास नव्हता

मी एक म्हातारा गावठी कुत्रा आहे, मित्रांनो. बोरी अरबच्या कडेला बबनरावांचं घर आहे. त्या घराच्या ओसरीवर माझा सारा जन्म गेला. नाव भुऱ्या.

तुम्हाला माणसं बोलण्यातून कळतात, मला आधी नाकाने कळतात. रागावलेल्या माणसाच्या घामाला भाजल्यासारखा तिखट वास येतो. तो आला की मी शेपूट घालून बाजेखाली जातो. कोणी रडू लागलं, तर न बोलावता जवळ जाऊन बसतो. बबनरावांची लेक सलोनी माझ्या मानेत तोंड खुपसून रडायची आणि म्हणायची, "भुऱ्याले सारं समजते." तिची आई भागीरथाबाई हसायच्या. "कुत्र्याले फक्त भाकर समजते," म्हणायच्या.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती. बबनराव पाठीवर पंप बांधून फवारणीला जात. कपाशीत वारं नसे, औषध त्यांच्याच अंगावर बसे. घरी आले की मला त्यांचा वास सापडेना. त्या उग्र दर्पाखाली माझा माणूस कुठे गेला, हेच कळत नसे. मी अंगणात नुसत्या घिरट्या घालायचो.

एका दुपारी ते लवकर परतले आणि पाण्याच्या कळशीला धडकले.

"वाटेत कायले ठेवता कळशी?" ते गरजले.

भागीरथाबाईंनी सलोनीला आत ओढलं. "जाऊ नको तिकडं. बाबा तापले हायेत." दार लागलं.

मीही बाजेखाली निघालो होतो. पण त्या दर्पातून आंबूस, गार असा वास आला. विहिरीत पडलेल्या वासराच्या अंगाला असाच वास होता. ती भीती होती. बबनराव भिंतीला टेकून बसले होते. हात थरथरत होते, तोंडातून लाळ गळत होती. मी त्यांच्या पायावर हनुवटी ठेवली. त्यांनी झिडकारलं. मी पुन्हा गेलो. मग दारावर पंजे मारले, केकाटलो. दार उघडताच भागीरथाबाईंचा पदर दातात धरून त्यांना ओढलं.

त्या बाहेर आल्या आणि जागीच थबकल्या. "अवो, काय होऊन राह्यलं तुम्हाले?"

"भागीरथा," ते अगदी हळू म्हणाले, "मले तुहं तोंड दिसून नाही राह्यलं."

शेजारच्या रहमतभाईंनी त्यांना दवाखान्यात न्यायला ऑटो काढला. मी सडकेपर्यंत मागे धावलो, मग धूळ उरली. बरेच दिवस मी सडकेकडे तोंड करून बसलो.

बबनराव परतले, पण निम्मे होऊन; फवारणीचं विष अंगात भिनलं होतं. आता ते मला पायाशी बसवून घेतात.

यंदाही कपाशी वाढली आहे. वाऱ्यावर तोच दर्प येतो आणि शिवारात तोंडाला फडकं न बांधता माणसं फवारताना दिसतात. माझं नाक आता थकलं आहे. कोण घाबरलं आहे, हे मला लांबून कळत नाही. म्हणून मित्रांनो, घरातलं माणूस विनाकारण ओरडू लागलं, तर दार लावून घेऊ नका. आधी त्याचे हात बघा.