मिसळणाच्या डब्यातलं घड्याळ

हौस कोणाला कशाची लागेल, सांगता येत नाही. जानरावांना पन्नाशीत घड्याळांची लागली. शिरपूरपासून दोन कोसांवर त्यांचं गाव, चाळीस एकर काळी जमीन, दावणीला चार बैल आणि वेळ सांगायला डोक्यावर सूर्य. घड्याळावाचून तिथं कोणाचं काही अडत नव्हतं. पण घरातलं गजराचं घड्याळ बंद पडलं, ते घेऊन जानराव वाशीमच्या बाजारात एका म्हाताऱ्या घडीसाजापुढे बसले आणि म्हाताऱ्याने झाकण काढल्याबरोबर आतली पितळी चाकं पाहून हा माणूस जो खुळावला तो खुळावलाच. त्या दिवशी त्यांची मोटार चुकली. पुढच्या बाजारी सरकी आणायला गेले आणि सरकीबरोबर डोळ्याला लावायचं भिंग, एक चिमटा आणि तीन बारीक पेचकस घेऊन आले.

घडीसाजाने त्यांना चार गोष्टी शिकवल्या होत्या. काम पांढऱ्या कपड्यावर करायचं. काढलेला पेच कुठला ते विसरायचं नाही. चाकं घासलेटात धुवायची आणि तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर राहील एवढंच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, चाकांवरची पट्टी उचलायच्या आधी चावी पूर्ण उतरवायची, नाहीतर आतला जोर सगळं उधळून देतो. "और हाथ की घडी को सालभर छूना नहीं, पाटील," म्हातारा म्हणाला होता. "उसके चक्के तिल जितने हैं."

जानरावांनी बायकोचा मिसळणाचा डबा पळवला. मोहरीच्या वाटीत मोठे पेच, जिऱ्याच्या वाटीत लहान, हळदीच्या वाटीत चाकं. तुळसाबाईंनी महिनाभर मोहरी पुडीतून काढून फोडणी दिली आणि रोज नवऱ्याचा उद्धार केला. पण आठव्या दिवशी गजराचं घड्याळ टिकटिकलं, तेव्हा शेजारणींना बोलावून ऐकवत होत्या त्याच. त्यानंतर जानरावांनी देवळातलं भिंतीवरचं घड्याळ चालू केलं. गाव त्यांना 'घडीवाले पाटील' म्हणायला लागलं. माणूस अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो म्हणतात. यांना तर हळदीची अख्खी वाटीच मिळाली होती.

अशात अठ्ठावन्न सालचा अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. लेक रंगूबाईचा नवरा बबनराव, रिसोडच्या शाळेत मास्तर, सासुरवाडीला वाण घ्यायला आला. ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, जावयाच्या अंगावर नवं धोतर. जेवणाला चार भाऊबंद होते. त्यांच्यापुढे बबनरावाने मनगट वर केलं आणि हसत हसत म्हणाला, "मामाजी, लग्नात दिलेली तुमची घडी रोज दहा मिनिटं मांगं पडून राह्यली. शाळेत पोट्टे हसतात."

पंगत हसली. जानरावही हसले, पण हातातला घास परत ताटात ठेवला. घड्याळ त्यांनी दिलेलं, आणि गावात घडीवाले पाटील तेच.

जेवणं झाली. बबनराव घड्याळ कोनाड्यात ठेवून मधल्या खोलीत घोरू लागला. तुळसाबाई आणि रंगूबाई मागच्या अंगणात भांड्यांशी होत्या. पावसाने उघडीप दिली होती, म्हणून बंजारा तांड्यावरची धनीबाई ओसरी सारवत होती. ती दहा वर्षांपासून या घरी निंदायला, सारवायला येई. जानरावांनी कोनाड्यातलं घड्याळ हळूच उचललं, ओसरीला लागून असलेल्या खोलीत पाटावर पांढरं धोतर पसरलं आणि भिंग डोळ्याला लावलं. जावई उठायच्या आत घड्याळ ठीक करून मनगटावर बांधायचं, एवढाच त्यांचा बेत होता.

झाकण निघालं. एक पेच निघाला, दुसरा निघाला. तीळ कसले, राजगिऱ्याचे दाणे होते ते. जानराव हरखून गेले आणि त्या भरात चावी उतरवायची राहून गेली. पट्टी उचलली मात्र, आत काहीतरी भुर्रकन फिरलं आणि एक चाक टिच्चकन उडून दाराबाहेर गेलं.

ते उडालं ते नेमकं ओल्या शेणात. जानराव भिंग लावून, गुडघ्यांवर, नुकत्या सारवलेल्या ओसरीवर रांगू लागले. धनीबाईचा हात थांबला.

"पाटील, काई हरपलं काय?"

"नाई. काई नाई. तू सारव तुहं."

ती सारवत राहिली. चाक सापडलं नाही. धनीबाई पाटी घेऊन निघून गेली आणि आतून जावयाची जांभई ऐकू आली. एखादं शहाणं माणूस काय करतं? उठून सांगतं, बाबा, हात दाखवून अवलक्षण केलं. जानरावांनी उरलेलं घड्याळ फडक्यात गुंडाळलं आणि गोठ्यातल्या सरकीच्या पोत्यात खोल खुपसलं. सवड मिळाली की चाक शोधू, बसवू, आणि मग सापडलं म्हणून देऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

घड्याळ दिसेना म्हणून बबनरावाने आधी गादी झाडली, मग घर उलथंपालथं केलं. भाऊबंद पुन्हा गोळा झाले. शेवटी त्याने विचारलं, "घरात बाहेरचं कोन आलं होतं?"

"धनी तेवढी आली होती," तुळसाबाई म्हणाल्या. "पन ती तशातली नाई."

"तशातली नसन त विचाराले काय जाते?"

जानरावांना वाटलं, विचारतील आणि सोडून देतील. गडी तांड्यावर गेला आणि धनीबाईला घेऊन आला. तोवर फाटकाशी दहा-पंधरा माणसं जमली होती. बबनराव तिच्याशी थेट बोललाच नाही, सासूला म्हणाला, "पाहून घ्या." तुळसाबाईंनी मान खाली घालून तिची कमरेची बटवी उलटी केली. त्यातून सुपारीचं खांड आणि चुन्याची डबी पडली. मग ओढणी झटकायला लावली. मग घागऱ्याचा घेर. आरशांचे तुकडे लावलेला तो घेर ती स्वतःच दोन्ही हातांनी झटकत होती आणि लोक पाहत होते.

"मी खोलीत गेलीच नाई," ती म्हणाली. "पाटील तिथंच बसले होते ना. पाटलाले विचारा."

सगळ्यांनी जानरावांकडे पाहिलं. एक शब्द पुरे होता. पण समोर जावई होता, भाऊबंद होते, सकाळची पंगत हसलेली ताजी होती.

"मी... मी त निजलो होतो," जानराव म्हणाले.

धनीबाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग खाली वाकून सुपारीचं खांड उचललं, बटवी खोचली आणि निघून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी दिली जाते. दोरी कोणाला ओढावी लागत नाही, नुसतं निजलो होतो म्हटलं की भागतं. आपण घाणेरडं वागलो, हे जानरावांना स्वच्छ कळत होतं, आणि कळूनही तोंड उघडत नव्हतं, याची लाज त्याहून मोठी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनराव निघायच्या तयारीत चहा घेत होता. धनीबाई येऊन अंगणात उभी राहिली, पायरी चढली नाही. जानराव बाहेर आले तेव्हा तिने लुगड्याच्या चिंधीची एक पुरचुंडी त्यांच्या हातावर ठेवली. आत ते चाक होतं, घासून धुतलेलं.

"सारवताना बोटाले टोचलं. खडा असन म्हणलं. घरी हात धुतले तवा चमकलं."

"मंग... कालच काहून नाई दाखवलं?" जानरावांनी कसंबसं विचारलं.

"काल? सगळ्यांपुढं?" ती हळू आवाजात म्हणाली. "तवा हे दाखवलं असतं त काय म्हणले असते? पाहा, घडी फोडून खाल्ली, एक तुकडा राह्यला. तुमी निजले होते ना, पाटील."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. जानराव तसेच गोठ्यात गेले, सरकीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, फडकं काढलं आणि चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"घडी म्या उघडली होती, बबनराव. म्याच बिघडवली. अन् म्याच लपवली."

बबनरावाने फडक्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं आणि असा हसला की चहा बशीत सांडला. "मामाजी, एवढंच होतं त कालच सांगाचं ना! मी काय तुमाले खाल्लं असतं?" रंगूबाई हसली. तुळसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आणि जानरावांच्या ध्यानात आलं की आपणही हसतोय. ज्या लाजेला भिऊन काल एका बाईचा घेर चारचौघांत झटकवला, ती लाज ही एवढीच होती, चहात बुडून गेली. हसता हसता त्यांची नजर अंगणात गेली. धनीबाई तिथंच उभी होती.

तुळसाबाई दोन अनारसे घेऊन लगबगीने बाहेर आल्या. "झालं गेलं इसर वं धने. घे, तोंड गोड कर. उद्यापासून ये कामाले."

धनीबाईने हात पुढे केला नाही. "झडती लोकांपुढं झाली, बाई," ती म्हणाली. "हासनं घरात झालं." आणि ती चालू लागली.

जानरावांनी फडक्यातलं घड्याळ आणि ते चाक मिसळणाच्या डब्यात ठेवलं, टोपी घातली आणि निघाले. "मामाजी, तांड्यावर कायले जाता? गड्याले धाडा ना," जावई मागून म्हणाला. जानराव थांबले नाहीत. देवळापाशी कोणीतरी नेहमीसारखं ओरडलं, "काय घडीवाले पाटील, किती वाजले?" त्यांनी मान वर केली नाही.

तांडा ओढ्यापलीकडे होता. फुलसिंग नाईक, तांड्याचा मुखिया, लिंबाखाली बसला होता. पाटील आलेले पाहून माणसं जमली, बायका दारात आल्या. धनीबाईचा नवरा सोमला एका बाजूला दोर वळत बसला होता. जानरावांनी डबा उघडून जमिनीवर ठेवला. घरून निघताना चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली.

"घडी कोनं चोरली नाई," ते म्हणाले. "म्या मोडली. धनीबाई खरं बोलली. मी निजलो नव्हतो. जागा होतो. तिची झडती झाली तवा बी जागाच होतो."

कोणी हसलं नाही. नाईकाने डब्यात पाहिलं, हळदीने पिवळ्या झालेल्या वाटीतल्या त्या चाकाला बोट लावलं.

"काल सांजी आमी तिले इथंच पंचायतीपुढं बसवलं होतं," तो म्हणाला. "तिनं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतलं, पाटील जागे होते. अन् तुमी म्हणले निजलो होतो. आता आमी दोघातून कोनाचं खरं मानलं असन, सांगा."

जानरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"तुमचं," नाईक म्हणाला. "पाटील कायले खोटं बोलन, म्हणलं सगळ्यांनी. सोमलानं बी."

सोमलाचा दोर वळणारा हात थांबला होता. त्याची मान खाली होती. धनीबाई घरातून तांब्या घेऊन आली आणि जानरावांपुढे धरला. दारी आलेल्याला पाणी द्यायची रीत होती, म्हणून दिलं. जानरावांनी तांब्या तोंडाला लावला, पण डोळे सोमलाकडेच होते, पाणी सगळं सदऱ्यावरच सांडलं.